पिशवीतली बडीशेप

आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा येईपर्यंत सोफ्याच्या वरचा फोटो बघतो. दोन मोठे पेंग्विन, त्यांच्या मधे तपकिरी गोधडी पांघरल्यासारखं दिसणारं पिल्लू, मागं धुकं. "हे तुम्ही काढलंय?" तो विचारतो. मी मान हलवतो. बायको आतून सांगते, "त्यांनीच. बक्षीस मिळालंय त्याला." पाहुणा फोटोकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो, आणि दोन्हींचा मेळ काही बसेना म्हणून बिस्कीट उचलतो.

पाहुण्याची चूक नाही. चिकलठाण्यातल्या एका कंपनीत मी एकोणतीस वर्षं क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यानं बनवलेल्या मालातली खोट शोधायची आणि तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवायची, हे माझं काम. बोलतो कमी. घरात मला घुम्या म्हणतात. लोकांचा असा एक समज असतो की कमी बोलणारा माणूस आतून खोल असतो. मी स्वतः आत डोकावून बघितलंय, तसं काही नाही. कमी बोलण्याचा फायदा एकच, खोटंही थोडक्यात उरकतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तीन शब्दांचं होतं. नंतर ते टिकवायला आणखी एक शब्द लागला. एवढ्या काटकसरीत मी सख्ख्या बहिणीचं जे नुकसान केलं, ते आता लिहून काढतो.

दर रविवारी जायकवाडीच्या पाणथळीवर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचा मला नाद. आठ-दहा वर्षं रोहित पक्ष्यांच्या मागं चिखलात लोळल्यावर आपण मोठे फोटोग्राफर आहोत असं वाटायला लागतं. त्या भरात मी एका सहलीला नाव नोंदवलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून जहाज निघणार, चार दिवस समुद्र कापून साउथ जॉर्जिया नावाच्या बेटावर जाणार, तिथं लाखोंनी पेंग्विन, आणि फोटो कसे काढायचे ते शिकवायला सोबत गाईड. एका खोलीत दोघांची सोय. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला पैठणच्या धरणात नावेत बसवलं तरी उलटी होते. अक्कांना न्या. पेंग्विनवर तुमच्यापेक्षा त्यांचा हक्क जास्त आहे."

खरंच होता. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चितेगावात राहते, दाजी गेल्यापासून एकटी. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. तिच्या वर्गाच्या भिंतीवर पक्ष्यांचा तक्ता होता. त्यात पेंग्विनच्या शेजारी ना झाड, ना माणूस, ना घर, त्यामुळं तो केवढा असतो ते कळायला काही मार्ग नव्हता. एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, ह्यो केवढा असतो?" अक्कानं अंदाजानं गुडघ्याला हात लावला. पोरगी म्हणाली, "तुमी बघितलाय?" अक्का नाही म्हणाली. खोटं बोलायची सवय आमच्या घरात फक्त मलाच. पण ते तिच्या मनाला लागून राहिलं. रिटायर झाल्यावरही ती संध्याकाळी पाच वाजता घरी ओसरीवर गल्लीतल्या पोरांना फुकट शिकवायची, आणि तक्ता शाळेतून मागून आणून तिथं लावला होता.

सहलीचं सांगायला गेलो तेव्हा ती गहू निवडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "येते. पण माझी एक अट हाय. मी आन् तो, एका फोटोत. पायापासून डोक्यापर्यंत, दोघंबी उभे. म्हणजे पोरांना दाखवता येईल, हा बघा, एवढा. बाकी तुझी कला काय करायची ती कर."

"एकच फोटो?"

"एक बास. पण नीट काढ. माझं डोकं कापू नको, लग्नात कापलं व्हतंस."

मी कबूल केलं. त्या सगळ्या प्रवासात मला करायचं होतं ते एवढंच.

त्या बेटांवर जायचे नियम फार कडक असतात. बाहेरचं बी, माती, काडी-कचरा काहीही तिथल्या जमिनीवर पडता कामा नये. बूट, कपडे, बॅगा, खिशाच्या शिवणी सगळं साफ करायचं, तपासून घ्यायचं, आणि मी साफ केलंय असं लिहून सही करायची. हा माझा प्रांत. मी ते सगळे नियम मराठीत उतरवून काढले, छापले आणि चितेगावला जाऊन अक्काचं सामान तपासलं. तिनं जवसाची चटणी घेतली होती, तिळाचे लाडू घेतले होते. मी ते बाहेर काढून ठेवले.

"एक बी जरी तिथं पडलं ना अक्का, तर उगवून सगळं बेट खराब होईल."

"जवस?" ती म्हणाली. "आपल्या काळ्या रानात पेरून, खत घालून उगवंना, ते तिथं बर्फात उगवणार व्हय?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं साहेब," असं म्हणून तिनं लाडू शेजारणीला देऊन टाकले. मग मी माझा त्याग जाहीर केला. जेवणानंतर मला बडीशेप लागते. शहागंजातल्या ठरलेल्या दुकानातली बारीक बडीशेप, त्यात धणाडाळ, स्टीलच्या डबीत, कायम शर्टाच्या खिशात. "मीसुद्धा तीन आठवडे बडीशेप सोडलीय," मी म्हणालो. अक्कानं कौतुकानं माझ्याकडं बघितलं. त्या वेळी डबी माझ्या सुटकेसमधे लोकरी मोज्यात गुंडाळलेली होती.

जहाजावर फोटोग्राफर मी होतो, पण रुबाब अक्काचा होता. समुद्र लागला तो मला. पहिले दोन दिवस मी कागदाची पिशवी तोंडाशी धरून पडलो होतो आणि अक्का वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून जपानी म्हाताऱ्यांबरोबर आइस्क्रीम खात होती. आमची गाईड पन्नाशीची, उंच, चेहऱ्यावर उन्हाचे डाग पडलेली बाई होती. फोटो शिकवणं, बेटावर नेणं, सामान तपासणं सगळं तिच्याकडं. अक्का तिला सरळ "बाई" म्हणायची. एका शिक्षिकेनं दुसरीला ओळखावं तसं दोघींचं जमलं. मधे दुभाषा मी. अक्काला इंग्रजी वाचता यायचं, समोरच्याचं भरभर बोलणं मात्र कळायचं नाही. ती एक वाक्य बोलायची, मी निम्मं सांगायचो. "तू सगळं सांगत नाहीस," अक्का म्हणायची. "मी एवढं लांबलचक बोलते आन् तुझं तीन शब्दांत व्हतं कसं?"

बेट यायच्या आदल्या दुपारी मी आमचं दोघांचं सामान साफ केलं. अक्काची एक पिशवी होती, खणाच्या तुकड्यांची, तीन कप्प्यांची, तिनंच शिवलेली. चष्मा, रुमाल, अमृतांजन असं सगळं त्यात असायचं आणि ती कायम तिच्या खांद्याला. ती मी उलटी करून व्हॅक्यूमनं ओढली, शिवणी सुईनं टोकरल्या. मग अक्काला म्हणालो, "आता हिच्यात काही घालू नको. उद्या तपासणी आहे."

संध्याकाळी जेवणं चालू असताना कुणीतरी ओरडलं, जहाजामागं अल्बट्रॉस आलाय. मी खोलीत पळालो. थंडीत बॅटऱ्या लगेच उतरतात म्हणून दोन जास्तीच्या घ्यायच्या होत्या. माझी बॅग साफ करून चेन लावून ठेवलेली. ती कशाला उघडा? खुंटीवर अक्काची पिशवी होती. बॅटऱ्या तिच्यात टाकल्या. आणि तोंडाला माशाचा वास येत होता म्हणून मोज्यातली डबीही टाकली. डेकवर उभा राहून त्या लांबलचक पंखांच्या समुद्रपक्ष्याचे पन्नास फोटो काढले, बोटं बधिर झाली असताना चिमूटभर बडीशेप खाल्ली, झाकण लागलं असं समजून डबी परत पिशवीत सोडली. खोलीत येऊन बॅटऱ्या बॅटऱ्यांच्या जागी, डबी मोज्यात, पिशवी खुंटीवर. अक्का जेवून आली तेव्हा मी पलंगावर बसून लेन्स पुसत होतो.

सकाळी आमचं नाव पहिल्या गटात होतं. रांगेत प्रत्येकाचं सामान तपासलं जात होतं. गाईडबाईच्या कपाळाला दिवा, हातात चिमटा. अक्का म्हणाली, "आमच्या शाळेला विस्तार अधिकारी यायचे ना, अगदी तशीच बघती बघ. फळ्यामागंबी बघंल ही." माझं सामान झालं. एक कणही निघाला नाही. बाईनं मला अंगठा दाखवला. मग अक्काची पिशवी उलटी केली आणि तिसऱ्या कप्प्याच्या तळातून चिमट्यानं एकेक दाणा काढून पांढऱ्या ताटलीत ठेवला. बडीशेपेचे पाच दाणे आणि अर्धी धणाडाळ.

मी त्या दाण्यांकडं बघितलं आणि मला सगळं कळलं.

कंपनीत मी लोकांना नेहमी सांगतो, चूक कुणाची ते आधी सांगा, कुणी खाणार नाही, लपवलंत तर मात्र माल पुढं जातो. हे मी इतक्या वर्षांत किती जणांना सांगितलं असेल! त्या सकाळी दारातून बाहेरचा किनारा दिसत होता. धुकं वर उचललं जात होतं आणि खालून पिवळा उजेड सरकत येत होता. असा उजेड फार तर तासभर टिकतो. माझ्या एका खांद्याला कॅमेरा, दुसऱ्या हातात तिपाई. मी नियमांचं मराठी करणारा, मी बडीशेप सोडलेला.

बाईनं ताटली अक्कापुढं धरली आणि इंग्रजीत विचारलं, हे तुमचं आहे का?

"काय म्हणती?" अक्कानं मला विचारलं.

मी पिशवीवर बोट ठेवलं. म्हणालो, "ही तुझीच ना?"

पिशवी स्त्रीलिंगी. बडीशेपही स्त्रीलिंगी. दुसऱ्या कुठल्या भाषेत मला ही सोय मिळाली असती की नाही, माहीत नाही.

"व्हय, माझीच की," अक्का म्हणाली. "मीच शिवलीय. आवडली का तिला?"

मी बाईला सांगितलं, "हो, हिची आहे." शिवल्याचं सांगितलं नाही.

मग अक्कानं वाकून ताटलीत बघितलं. "अगं बाई! ही बडीशेप कुठनं आली?" ती माझ्याकडं वळली. "तू तर काल झाडून साफ केली व्हतीस. म्हणजे नंतर मीच घातली असंल का रे? वरच्या हॉलात जेवणानंतर आपल्यासारख्यांसाठी वाटीत ठेवलेली असती, तिथली घेतली असंल मी?"

"असेल," मी म्हणालो.

हा तो चौथा शब्द.

बाई रागावली नाही. ती म्हणाली, यांचे सगळे कपडे, बूट पुन्हा साफ करावे लागतील, त्या दुसऱ्या गटात येतील, तीन तासांनी. मी हे अक्काला सांगितलं. तीन तास म्हणजे काय मोठंसं, असं मी स्वतःला सांगितलं. बाईनं मला विचारलं, तुम्ही थांबता की येता? मी अक्काकडं बघितलं. ते बघणंही नाटकच होतं, ती काय म्हणणार ते मला माहीत होतं.

"जा तू. उजेड जाईल तुझा," अक्का म्हणाली. "मी येतेच मागनं. आपला फोटो तवा काढू."

मी गेलो.

किनाऱ्यावर पाय ठेवला आणि पुढचे दोन तास मला अक्काची आठवण आली नाही. यावर सफाई द्यायची नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. डोंगराच्या पायथ्यापर्यंत पेंग्विनच पेंग्विन. गोंगाट असा की आठवडी बाजार परवडला. घाणीचा वास डोळ्यांत जाईल असा. गळ्याला केशरी रंग, छाती पुढं काढून चालणं, मधेच थांबून आपण कशाला निघालो होतो ते आठवल्यासारखं करणं. त्यांच्यापासून पाच मीटर लांब राहायचं असा नियम आहे, पण तो त्यांना कुणी सांगितलेला नाही. एक चालत आला आणि माझ्या तिपाईजवळ उभा राहिला. माझ्या कमरेला जरा कमी. गुडघ्याच्या कितीतरी वर. तेव्हा मात्र अक्काची आठवण झाली. पण त्याच वेळी समोर ते पिल्लू दोघांच्या मधे आलं आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावला. सोफ्याच्या वर लावलेला फोटो तो हाच.

मग वारा सुटला. आधी टोपी उडाली, नंतर पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले. जहाजाचा भोंगा झाला, आम्हाला घाईनं रबरी होड्यांत बसवलं. परत चढताना होडी इतकी वर-खाली होत होती की दोघांनी मला गोणीसारखं ओढून घेतलं.

आत बूट घालायच्या खोलीत बाकावर अक्का बसली होती. लाल जॅकेट, लाइफ जॅकेट, गमबूट, कानटोपी, हातमोजे. पूर्ण तयार. पिशवी घेतलीच नव्हती. सकाळपासून ती तशीच बसून होती, कारण बाईनं तिला म्हणे खुणेनं सांगितलं होतं की साफ झाल्यावर या खोलीबाहेर जाऊ नका. मला बघून उठली.

"झालं का तुझं? चल, आता माझा नंबर."

तेवढ्यात कर्ण्यावर सूचना झाली. वारा वाढलाय, दुसरा गट जाणार नाही, जहाज इथून हलतंय.

"काय म्हणत्यात?" अक्का म्हणाली. त्याचंही मराठी मलाच करावं लागलं.

ती परत बसली. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "असू दे," म्हणाली. "वाऱ्याला कोण काय करणार."

नंतर गाईडबाई तिला भेटायला आली, तिचे हात हातात घेतले. अक्का मला म्हणाली, "तिला सांग, चूक माझीच व्हती, माझ्या येंधळेपणानं तुमचं काम वाढलं, मनावर घेऊ नका." आणि मी ते सांगितलं. त्या सबंध प्रवासात अक्काचं वाक्य मी पूर्णच्या पूर्ण सांगितलं ते एवढं एकच.

पुढचे दिवस समुद्र खवळलेलाच राहिला. एकदा उतरलो, तर तिथं सगळे सील, आणि पेंग्विन लांब डोंगरावर मुंग्यांसारखे. अक्का म्हणाली, "लांबनं तर तक्त्यात बी दिसतो."

घरी आल्यावर मी फोटो पाठवला, बक्षीस मिळालं, मोठा करून दोन प्रती काढल्या. एक आमच्या हॉलमधे. दुसरी फ्रेम करून मी अक्काला भेट दिली. हे लिहिताना माझेच कान तापतायत, पण दिली. तिनं ती तक्त्याच्या शेजारी लावली.

आणि तिनं ती गोष्ट सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला. "मी येडी, एवढं जग ओलांडून गेले आन् दारातनं माघारी! काय तर म्हणे पिशवीत बडीशेप! ह्यानं बिचाऱ्यानं किती बजावलं व्हतं!" लोक हसायचे. ती छान सांगायची. मीही हसायचो. एकदा कुणीतरी म्हणालं, "अक्का, तुझं वय झालं आता," तेव्हाही हसलो.

ती मात्र त्या वाक्यानंतर हसली नव्हती. हे मी तेव्हा बघितलं आणि लाल चिठ्ठी न लावता माल पुढं जाऊ दिला.

आमच्या आईचं शेवटच्या काही वर्षांत विसरणं सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग गॅस चालू राहायचा. शेवटी ती अक्काला "तुम्ही कुणाच्या?" असं विचारायची, आणि अक्का रोज नव्यानं सांगायची. आईचं सगळं अक्कानंच केलं. मी रविवारी फळं घेऊन जायचो.

सहलीनंतर चार-पाच महिन्यांनी चितेगावला गेलो तर दाराच्या आत एक कागद चिकटवलेला. गॅस. नळ. किल्ली. चष्मा. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "आपलं असू द्यावं." मग दिसलं की ती वही ठेवते. काय घेतलं, कुठं ठेवलं, कुणाला काय दिलं. मग एक दिवस पाच वाजता गेलो तर ओसरी रिकामी.

"पोरं कुठायत?"

"बंद केलं," अक्का म्हणाली. "पाढे चुकीचे सांगितले तर? लेकरांचं नुकसान नको."

"पण चुकलीस का कधी?"

"आजून नाय. पण ती बडीशेप मी कवा घातली ते मला आजतागायत आठवत नाय रे. कितीदा आठवून बघितलं. हात आठवत नाय, वाटी आठवत नाय. आईचं असंच सुरू झालं व्हतं."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी चहाचा घोट घेतला. चहा संपल्यावर सांगू असं ठरवलं. चहा संपला तेव्हा शेजारीण आली. ती गेली तेव्हा उशीर झाला होता आणि पैठण रोडला गर्दी असते. गाडी चालवत घरी येताना मी तिला सगळं सांगून टाकलं, अगदी व्यवस्थित, मुद्देसूद. गाडीत कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिच्या मुलाचा पुण्याहून फोन. "मामा, आई इकडं यायला तयार झालीय. घराला कुलूप लावायचं म्हणते. त्याआधी एकदा डॉक्टरला दाखवून घ्याल का तिकडंच?" हा मुलगा दहा वर्षं तिला बोलवत होता. दहा वर्षं तिचं उत्तर होतं, माझी पोरं आहेत इथं.

जालना रोडवरच्या दवाखान्यात मी तिला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत बोलणारी. तिनं अक्काला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. अक्का शून्याच्या अलीकडं दोनवर जाऊन थांबली आणि म्हणाली, "आता ऋण सुरू होतील, सांगू का?" डॉक्टर हसली. मग तिनं विचारलं, "काकू, तुम्हाला विसरल्यासारखं पहिल्यांदा कधी वाटलं?"

अक्कानं मांडीवरची वही उघडली. "पेंग्विनच्या जहाजावर," ती म्हणाली. "माझ्या पिशवीत बडीशेप निघाली आन् ती मी कवा घातली..."

"मी घातली होती," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. पहिल्यांदा मला वाटलं, मी हे पुन्हा मनातच बोललो. मग पुढचं बोललो. डबी, मोजा, बॅटऱ्या, अल्बट्रॉस. "ही तुझीच ना" म्हणताना बोट पिशवीवर ठेवलं होतं, हेही. इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो, त्यामुळं मधे घसा कोरडा पडला आणि डॉक्टरनं पाण्याची बाटली पुढं सरकवली. जणू पेशंट मीच.

अक्कानं वही मिटली. मग तिनं विचारलं, "म्हणजे मी घातलीच नव्हती?"

"नाही."

"मग आठवंल कसं!" ती म्हणाली, आणि एकदम तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडं बघवेना. ती डॉक्टरकडं वळली. "ऐकलं का? मी घातलीच नव्हती!" डॉक्टर म्हणाली, "काकू, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय."

बाहेर आल्यावर मी गाडीचं दार उघडून धरलं. मला शिव्या हव्या होत्या. त्या खाऊन मोकळं व्हायचं असा माझा बेत होता. अक्का आत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "राग उद्यापासनं. आज मला लई बरं वाटतंय, ते मी तुझ्यापायी खराब करणार नाय."

दुसऱ्याच दिवशी ओसरी पुन्हा भरली. पुण्याला फोन गेला, येत नाय म्हणून. आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता मला तिचा पहिला फोन आला. पाचला पोरं येतात, म्हणून राग चार ते पाच.

"मी त्या बाईची माफी मागितली," अक्का म्हणाली. "आन् तू ती इंग्रजीत सांगितलीस. माझ्या तोंडाची माफी, तुझ्या पापाची."

"हो."

"बास, आज एवढंच." फोन बंद.

त्यानंतरच्या दिवशी: "माझे तिळाचे लाडू शेजारणीला द्यायला लावलेस. अठरा व्हते."

त्याच्या पुढच्या दिवशी: "तू परत आलास तवा तुझ्या डाव्या बुटाला पीस चिकटलं व्हतं. मी ते तुला दाखवलं. तू म्हणालास, हां. माझ्याकडं बघितलं बी नाहीस."

मला पीस आठवत नव्हतं. तिला बूट डावा होता हे आठवत होतं. कधी एक वाक्य, कधी अर्धा तास. कधी ती मधेच थांबून पाणी पिते आणि मी धरून राहतो. हसत बारशात सांगितलेली गोष्ट, कोण कोण हसलं, मी कुठं बसलो होतो, माझ्या ताटात तेव्हा काय होतं. मी मशीनच्या आवाजापासून लांब, स्टोअरच्या मागं उभा राहून ऐकतो. "हो" म्हणतो. एकदा "चुकलं" म्हणालो तर ती म्हणाली, "मधे बोलू नको."

काल चारला फोन आला नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले. मी स्टोअरच्या मागं नुसता उभा. शेवटी मीच लावला.

"काय रे?"

"फोन नाही आला तुझा."

"मग?"

"राग संपला का, विचारायला केला."

"संपतोय कुठं एवढ्यात," अक्का म्हणाली. "कैऱ्या आल्यात, लोणचं घालतीये. हात तिखटात हायेत. उद्या करते. आन् लवकर उचलत जा, परवा पाच रिंगा झाल्यावर उचललास."